खिडकी लाव, पाऊस आत येतोय

मी समुपदेशक आहे. ऑटिस्टिक मुलांचे पालक पहिल्या भेटीला फाईल घेऊन येतात. तपासण्यांचे अहवाल, ऑक्युपेशनल थेरपीचे कागद, स्पीच थेरपिस्टच्या सूचना, शाळेच्या डायरीतल्या नोंदी. तासभर त्याबद्दलच बोलणं होतं. बोलायला कधी लागेल, कुठल्या वर्गात घालायचं, रात्री झोपत नाही त्याचं काय करायचं. मग वेळ संपते, दोघं उठतात, दारापर्यंत जातात आणि तिथे थांबून त्यांच्यातलं एक जण विचारतं, ‘मॅडम, त्याला आमच्याबद्दल काही वाटतं का हो?’

हा प्रश्न मी आईकडून ऐकला आहे, वडिलांकडून ऐकला आहे, एकदा एका आजोबांनी तो नातवाच्या झोपेबद्दल विचारता विचारता मध्येच विचारला आणि डोळे पुसले. सुरुवातीच्या काळात मी ‘वाटतं हो, नक्की वाटतं’ म्हणून मोकळी व्हायचे. त्या उत्तरानं एकाही आईचा चेहरा हलका झालेला मला आठवत नाही. ज्या घरात चार-पाच वर्षं ‘आई’ ही हाक आलेली नाही, तिथे बाहेरच्या माणसाचं ‘नक्की’ काय कामाचं? म्हणून आता मी निनादच्या घराची गोष्ट सांगते. निनाद हे त्याचं खरं नाव नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. आठ महिन्यांच्या भेटी इथे मोजक्या प्रसंगांत बसवल्या आहेत, घरच्यांच्या परवानगीनं.

निनाद सात वर्षांचा होता. तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं होतं. घरात आई, बाबा, आजी आणि अकरा वर्षांची ताई. आईनं नोकरी सोडली होती. बाबांचं काम उशिरापर्यंत चालायचं, आणि हळूहळू त्यांनी स्वतःकडे पैसे आणण्याचं तेवढं काम ठेवलं होतं. पहिल्या भेटीत ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि एकच वाक्य बोलले. ‘मी घरी आलो की तो माझ्याकडे बघत नाही, माझ्या बॅगेच्या चेनकडे बघतो.’

आईच्या हातात एक जाडजूड वही होती. रोजचं एक पान. नजरेला नजर किती वेळा दिली, किती सेकंद टिकली, किती शब्द स्वतःहून बोलला, किती वेळा हात फडफडवले. शेवटच्या रकान्याचं नाव होतं ‘निरर्थक’. त्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा नोंदलं होतं. ‘खिडकी लाव, पाऊस आत येतोय.’ शेजारी आकडे. कुठे ६, कुठे ११, कुठे ३.

‘ऊन पडलेलं असतं तरी म्हणतो,’ आई म्हणाली. ‘खिडकी बंद असते तरी म्हणतो.’

त्यांना माझ्याकडे आणलं होतं एका आजारपणानं. आईला ताप चढला, चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं. पाचव्या दिवशी ती घरी आली. दारात उभी राहिली. निनाद आतून आला, तिच्या बाजूनं गेला, उंबऱ्याशी ओळीनं लावलेल्या चपलांची ओळ सारखी केली आणि आत निघून गेला. तिच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही.

‘मी मेले तरी याला कळणार नाही, मॅडम,’ ती म्हणाली. रडत नव्हती. वहीतली नोंद वाचून दाखवावी तशी म्हणाली.

अशा वेळी घाईनं धीर देऊ नये. मी गप्प राहिले. पुढच्या दोन-तीन भेटी आम्ही तिच्या मनात साचलेल्या दुसऱ्याच गोष्टीवर घालवल्या, कारण ती वाटेतून दूर झाल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. तिला वाटत होतं, हे आपल्यामुळे झालं. गरोदरपणात दगदग केली, तो लहान असताना लवकर कामावर रुजू झाले, जवळ घेतलं नाही पुरेसं. ‘माझ्याकडूनच त्याला माया कमी पडली, मग त्याला ती येणार कुठून?’

हा आरोप आईनं शोधलेला नाही, तो तिच्यापर्यंत चालत आलेला आहे. १९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञानं ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वेगळी ओळख दिली. मुलांची ही अवस्था जन्मजात दिसते असं त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं, पण या मुलांच्या आई-वडिलांमध्ये मायेची ऊब कमी दिसते, असंही लिहून ठेवलं. पुढे ब्रुनो बेटेलहाइमसारख्या लोकांनी ते उचलून धरलं, आणि ‘रेफ्रिजरेटर मदर’ म्हणजे फ्रिजसारखी थंडगार आई हा शिक्का आयांच्या कपाळी बसला. त्याला जोरदार उत्तर दिलं ते १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. ऑटिझमचं मूळ आईच्या वागण्यात नसून मेंदूच्या घडणीत आहे, हे त्यांनी ठासून मांडलं. १९६९ साली पालकांच्या सभेत खुद्द कॅनर यांनी आई-वडिलांना जाहीरपणे निर्दोष ठरवलं. १९७७ साली फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास केला आणि आनुवंशिकतेचा वाटा किती मोठा आहे ते समोर आलं.

हे सगळं मी तिला सांगितलं. इतिहास सांगणं हे समुपदेशकाचं काम आहे का, असं मला सहकाऱ्यांनी विचारलेलं आहे. माझ्या मते आहे. ज्या खटल्याचा निकाल तिच्या जन्माआधीच तिच्या बाजूनं लागला आहे, त्यात ती अजून आरोपी म्हणून उभी होती.

आणखी एक गोष्ट मी या घरात मुद्दाम केली. ‘ऑटिस्टिक’साठी मराठीत रुळलेला ‘स्वमग्न’ हा शब्द वापरणं बंद केलं. शब्द आपला आहे, सुंदरही आहे, पण तो पालकांच्या कानात काय करतो ते मी रोज पाहते. स्वतःतच बुडालेला, म्हणजे आत दुसऱ्या कुणाला जागाच नाही! मूळ ‘ऑटिझम’मध्येही ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ आहेच. ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी तो स्किझोफ्रेनियाबद्दल लिहिताना घडवला होता आणि कॅनर यांनी तो तिथून उचलला. बाहेरून बघणाऱ्याला जे वाटलं त्याचं ते नाव आहे. आतल्या मुलाला कुणी विचारलं नव्हतं.

आता त्या दिवसाकडे येते.

मी घरातल्या एकाच माणसाशी बोलून थांबत नाही. घर हे दोरीनं विणलेल्या बाजेसारखं असतं, एक दोर ओढला की पार दुसऱ्या टोकाची वीण ताणते. म्हणून पाचव्या भेटीला मी सगळ्यांना बोलावलं, आजी आणि ताईसकट. निनाद खाली बसून माझ्या पर्सची चेन उघडत-लावत होता. मी वही मागून घेतली आणि तो रकाना सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. आई अस्वस्थ झाली. आजीनं मान खाली घातली.

ताई म्हणाली, ‘ते निरर्थक नाहीये.’

‘म्हणजे?’

‘कोणी घरात नसलं की म्हणतो तो. मी क्लासला गेले की, आजी खाली गेली की. मला दारातूनच ऐकू येतं.’

‘हे तू कधी सांगितलं नाहीस?’ आईनं विचारलं.

‘कोणी विचारलंच नाही.’

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बाबा उठले. त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, खिशातून पेन काढलं आणि पानं उलटायला लागले. आकड्यांची भाषा त्यांना येत होती. ‘हा रविवार. सगळे घरात. शून्य. हाही रविवार, शून्य. हा मंगळवार, मी बाहेरगावी होतो. १७.’ ते पुढे पुढे जात राहिले, आणि एका पानावर थांबले. आई दवाखान्यात होती तेव्हाही आजीनं वही चालू ठेवली होती, सुनेचा नेम मोडू नये म्हणून. पहिल्या दिवशी आकडा होता ४२.

बाबांनी तो आकडा वाचला नाही. वही आईच्या मांडीवर ठेवली आणि त्यावर बोट ठेवलं.

ती किती वेळ त्या पानाकडे बघत होती ते मी मोजलं नाही. तिनं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग आजीच बोलायला लागल्या. अडीच वर्षांपूर्वीची एक रात्र. वादळ आलं होतं, दिवे गेले होते. सगळे आतल्या खोलीत एका गादीवर येऊन बसले होते. आई ताईला म्हणाली होती, ‘खिडकी लाव, पाऊस आत येतोय.’ ताईनं खिडकी लावली आणि परत येऊन बसली. एरवी कुणाच्या अंगाला अंग लागू न देणारा निनाद त्या रात्री सगळ्यांच्या मधोमध झोपला. ‘सकाळपर्यंत हलला नाही,’ आजी म्हणाल्या. ‘मी बघत बसले होते.’

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मला थोडे मिळाले आहेत, आणि हा क्षण माझा नव्हता, ताईचा होता, हे मला माहीत आहे. पण सगळ्यांना एका खोलीत बसवायचा हट्ट माझा होता, आणि त्याचं मला आजही समाधान वाटतं.

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, कधी कधी महिन्यांनी किंवा वर्षांनी म्हणणं, याला इकोलालिया म्हणतात. पूर्वी तो नुसता पोपटपणा समजला जायचा आणि बंद पाडण्याची सवय लावली जायची. १९८० च्या दशकात बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या अशा वाक्यांचा बारकाईनं अभ्यास करून दाखवलं की त्यांतून मुलं मागतात, नकार देतात, स्वतःला सावरतात, संवादाची पाळी निभावतात. खरं तर याची खूण कॅनर यांनीच १९४६ साली लिहून ठेवली होती. एक मुलगा अधूनमधून म्हणायचा, कुत्रा बाल्कनीतून खाली टाकू नकोस. आसपास ना कुत्रा, ना बाल्कनी. शोध घेतल्यावर कळलं, तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलात त्यानं खेळण्यातला कुत्रा बाल्कनीतून खाली टाकला होता, आणि तो पुन्हा पुन्हा आणून दमलेल्या आईनं त्याला तसं बजावलं होतं. तेव्हापासून काहीही फेकावंसं वाटलं की तो याच वाक्यानं स्वतःला आवरायचा.

प्रत्येक वाक्यामागे अशी गोष्ट सापडेलच असं नाही. काही वाक्यं केवळ नादासाठी असतात, तोंडात घोळवायला बरी वाटतात म्हणून, आणि त्यातही काही वावगं नाही. निनादच्या बाबतीतही आमचा हा अंदाजच होता. म्हणून मी म्हटलं, पडताळून बघू. पुढच्या वेळी तो असं म्हणाला की ‘पाऊस नाहीये रे’ म्हणू नका. जो माणूस घरात नाही त्याचं नाव घ्या, तो कधी येणार ते सांगा, आणि तो आला की दोघांनी मिळून एक खिडकी लावा.

पहिल्या आठवड्यात आईनं फोन केला. ‘“बाबा आठ वाजता येणार, मग खिडकी लावू,” असं म्हटलं. तो घड्याळापाशी जाऊन उभा राहिला, मॅडम. घड्याळापाशी!’ बाबांनी मग त्याला घड्याळाचं एक चित्र काढून दिलं, काटे आठवर. रोज यायची वेळ बदलली की चित्र बदलायचं. सगळं सुरळीत झालं नाही. एका संध्याकाळी बाबांना दोन तास उशीर झाला आणि निनादनं स्वतःचा हात चावून रक्त काढलं. तो हट्ट नव्हता. मेंदूवरचा भार सहन होईनासा झाला की असं होतं, मूल तेव्हा काही ‘मिळवण्यासाठी’ रडत नसतं, त्यामुळे रागावणं, समजावणं, लाच देणं, काहीच पोचत नाही. अशा वेळी दिवे मंद करा, आवाज बंद करा, बोलणं जवळजवळ थांबवा, त्याला लागणार नाही एवढं बघा आणि जवळ राहा. स्पर्श त्याला हवा असेल तरच. आजींनी त्या संध्याकाळी त्याच्या हाताखाली उशी सरकवली आणि शेजारी बसून राहिल्या. याहून चांगलं मला सुचलं नसतं.

दारात उभं राहून विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाला आता माझ्याकडे नीट उत्तर आहे. १९८४ साली मारियन सिगमन आणि ज्युडी अंगरर यांनी लहान ऑटिस्टिक मुलांना आईपासून थोडा वेळ दूर ठेवून पाहिलं. आई परत आल्यावर ही मुलं अनोळखी बाईपेक्षा आईशी स्पष्टपणे जास्त जवळीक दाखवत होती. आई आणि परका माणूस यातला फरक त्यांना पक्का ठाऊक होता. त्यानंतर झालेलं बरंच संशोधन याच दिशेचं आहे. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकांनी २०१२ साली आणखी पुढची गोष्ट मांडली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे वाचता येतं? दरी दोन्हीकडून आहे. निनादच्या आईला मी ते असं सांगितलं, ‘तुम्ही त्याला चार वर्षं तुमची भाषा शिकवताय. त्याची भाषा शिकायचा तास घरात कुणाचा आहे?’

म्हणून पालकांना मी वही ठेवायला सांगते, पण वेगळी. किती वेळा, किती सेकंद, हे थेरपिस्टना लागेल तेवढंच. बाकी पानावर लिहा, तो काय म्हणाला किंवा काय केलं, तेव्हा घरात कोण होतं, कोण नव्हतं, आधी काय घडलं होतं. नजरेचा हिशेब तर सोडूनच द्या. अनेक ऑटिस्टिक प्रौढ सांगतात की समोरच्याच्या डोळ्यांत बघणं त्यांना सोसत नाही, बघितलं की ऐकू येणंच थांबतं. मान खाली घालून चेन उघड-लाव करणारं मूल तुमचा शब्द न् शब्द ऐकत असू शकतं. आणि दारात चपलांची ओळ सारखी करणारं मूल? त्या दिवशी ओळीत चार दिवसांनी आईच्या चपला आल्या होत्या. हे मला नाही, आईलाच सुचलं, दोन महिन्यांनंतर, दुसऱ्याच विषयावर बोलताना. बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, ‘माझ्या चपला त्यानं मधोमध ठेवल्या होत्या.’

आता खंबीरपणाबद्दल. ‘तुम्ही किती खंबीर आहात’ हे वाक्य लोक अशा आयांच्या गळ्यात हारासारखं घालतात, आणि मला त्याची भीती वाटते. हार घातलेल्या माणसाला खाली बसता येत नाही. मी पाहिलेली तगून राहणारी घरं एका खंबीर बाईवर उभी नव्हती. तिथे आईला झोप मिळत होती. बाबांना मुलाबरोबर एकट्यानं राहता येत होतं, आणि आई ते बघायला दारात उभी नव्हती.

निनादच्या घरात आम्ही शनिवारचे दोन तास ठरवले. आईनं बाहेर पडायचं, फोन करायचा नाही. पहिल्या शनिवारी तिनं चारदा फोन केला. बाबांचीही तक्रार होती, ‘मला जमत नाही, तिला सगळं माहीत आहे.’ मी म्हटलं, तिला माहीत आहे कारण तिनं चुका केल्यात, तुम्हाला अजून चुका करायला मिळाल्याच नाहीत. तिसऱ्या शनिवारी त्यांनी आपली जुनी, फाटकी बॅग निनादला देऊन टाकली, पाच चेनवाली. दोघं दोन तास जमिनीवर बसून होते. ‘आम्ही काही केलं नाही,’ बाबा मला म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

ताईची एक भेट मी वेगळी घेतली. ज्या घरात एका मुलाला जास्त लागतं, तिथे दुसरं मूल फार लवकर शहाणं होतं आणि सगळे त्याचं कौतुक करतात. ताईनं बराच वेळ पेन्सिलीला टोक केलं. मग म्हणाली, ‘मला कधी कधी त्याचा खूप राग येतो. त्यानं माझी वही फाडली की आई म्हणते, तुला समजतं ना. मला समजतं. पण वही माझी होती.’ तिच्या आईला मी एवढंच सांगितलं, ‘वही तिची होती, हे आधी म्हणा. समजुतीचं नंतर.’ आणि मोठी झाल्यावर भावाला तूच सांभाळायचंस, हे वाक्य अकरा वर्षांच्या मुलीसमोर कुणीच, अगदी कौतुकानंही, म्हणायचं नाही, असं आजींनाही सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. पण पुढे त्यांनी ते पाळलं.

निनाद अजूनही फार बोलत नाही. ‘आई’ अशी हाक त्यानं मारलेली नाही, आणि मारेलच असं वचन मी त्यांना दिलेलं नाही. शेवटच्या भेटीला आई एकटीच आली. मधल्या काळात ती पहिल्यांदाच दोन रात्री बहिणीकडे राहून आली होती, म्हणून मी विचारलं, कसं झालं?

‘दुसऱ्या रात्री साडेदहाला यांचा मेसेज आला,’ ती म्हणाली. ‘मी घाबरतच उघडला. एवढंच लिहिलं होतं, “खिडकी उघडी आहे.”’

‘मग?’

‘मग काय, हसले. “उद्या संध्याकाळी सहाला लावू” असं कळवलं, त्यांनी घड्याळाचं चित्र काढलं असणार. आणि मी झोपले. सकाळी नऊपर्यंत झोपले, मॅडम.’